दूरच्या कामाची चालती वार्ता



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहीजणांना वाटले असेल की, हा विषय पुण्या-हैदराबादच्या संगणक कचेऱ्यांतील मंडळींचा आहे. धर्माबादच्या नागरिकांनी त्यासाठी वसंतातली एक संध्याकाळ का खर्चावी? या शंकेचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल असा मला भरवसा वाटतो. आरंभी विषयाची मांडणी सोप्या शब्दांत करतो.

एक यंत्र आपल्यापासून दूर, कदाचित शेकडो मैलांवर, ठेवलेले आहे. आजच्या भाषेत त्यास सर्व्हर म्हणतात. त्याने कोणकोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत याची यादी त्याला कळेल अशा भाषेत लिहून दिलेली असते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. आपण येथून हुकूम सोडला की तेथे ती यादी ओळीओळीने अमलात येऊ लागते. आता प्रश्न असा की, काम तेथे चालू असताना येथे बसलेल्या माणसाला काय दिसावे? काम पुरे झाल्यावर एकदम निकाल हाती पडावा, की काम जसजसे होत जाईल तसतशी त्याची वार्ता येत राहावी? या प्रश्नाचा पाठपुरावा माणसाने गेली पावणेदोनशे वर्षे केला आहे, आणि त्या खटपटीचा इतिहास मी आपणांसमोर ठेवणार आहे.

या खटपटीच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. दूरचे काम नीट चालू आहे पण वेळ लागतो आहे, ही एक स्थिती. आणि दूरचे काम मध्येच बंद पडले आहे, ही दुसरी स्थिती. या दोन्ही स्थिती येथून अगदी सारख्या दिसतात, कारण दोहोंतही आपल्यापुढे नुसती शांतता असते. वाट पाहणाऱ्याने थांबावे की उठून जावे, पुन्हा हुकूम द्यावा की पहिलाच पुरा होऊ द्यावा, हे त्या शांततेवरून ठरवता येत नाही. पुन्हा हुकूम दिला आणि पहिला जिवंत असला, तर एकच काम दोनदा होते. न दिला आणि पहिला मेलेला असला, तर काम होतच नाही. यातून नुकसान होते ते नेहमी दूरच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचे. म्हणून मुंबई-हैदराबादपेक्षा धर्माबादसारख्या गावाला या विषयाचे महत्त्व अधिक आहे. यंत्रे मोठ्या शहरांत असतात; वाट पाहणारे आपण असतो.

हा इतिहास संगणकापासून सुरू होत नाही. तो तारेपासून सुरू होतो. हिंदुस्थानात विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले आणि १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू झाली. १८५५ मध्ये तारखाते जनतेसाठी खुले झाले. तारेने बातमी लवकर पोचू लागली, हे तिचे वैशिष्ट्य सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु तिचे दुसरे वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त मोलाचे आहे. टपालाचे पत्र आले तर अखंड येते, नाही तर मुळीच येत नाही. वाटेत ते कोठे आहे हे कोणाला कळत नाही. तार मात्र अक्षराअक्षराने येते. पलीकडच्या तारमास्तराने कळ दाबली की अलीकडच्या टेबलावर कडकट्ट असा आवाज होई आणि कसलेला तारमास्तर तो आवाज ऐकतच मजकूर लिहून काढी. मध्येच तार तुटली तरी तोवर आलेला अर्धा मजकूर हातात राही. एखादा शब्द संशयास्पद वाटला तर तो पलीकडच्याला तेथेच थांबवून पुन्हा विचारता येई. आणि संपूर्ण मजकूर मिळाल्यावर पोच दिली जाई. येणे, अडवून विचारणे आणि पोच, या तीन गोष्टी पुढच्या सर्व युगांत पुन्हापुन्हा शोधून काढाव्या लागल्या. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिने घालून दिलेला धडा मात्र बंद झालेला नाही.

हा धडा आपल्या गावाच्या दाराशी आला तो आगगाडीबरोबर. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास चालू झाली. लहान मापाचा, एकेरी रुळांचा तो मार्ग निजामाच्या राज्यातून जाई. धर्माबाद याच मार्गावरचे. एकीकडे उमरी, दुसरीकडे बासर, आणि पुढे गोदावरी ओलांडली की निजामाबाद. १९५१ मध्ये निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत आली आणि २ ऑक्टोबर १९६६ रोजी सिकंदराबाद हे मुख्य ठाणे असलेली दक्षिण-मध्य रेल्वे स्थापन झाली.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. स्टेशनमास्तराला पुढचे स्टेशन दिसत नाही, मधली गाडीही दिसत नाही. मग तो गाडी सोडतो कशाच्या भरवशावर? त्यासाठी 'लाइन क्लिअर'ची पद्धत बसविलेली आहे. पुढच्या स्टेशनास घंटेच्या ठरावीक ठोक्यांनी विचारायचे, तिकडून होकार घ्यायचा, गाडी सुटली की तसे कळवायचे, आणि गाडी पलीकडे पोचली की तिकडून पोचल्याचे ठोके यायचे. आपल्या देशातील पुष्कळ एकेरी मार्गांवर नील यांचे गोळ्याचे यंत्र वापरात होते. दोन्ही स्टेशनांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. पलीकडच्या मास्तराने संमती दिल्यावाचून अलीकडच्या यंत्रातून लोखंडी गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असेतो दुसरा काढता येत नसे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती दिला जाई. पुढच्या स्टेशनात तो यंत्रात पडला म्हणजे मार्ग मोकळा झाला असे दोन्हीकडे समजे.

या व्यवस्थेतली खुबी लक्षात घ्यावी. 'गाडी सुटली' आणि 'गाडी पोचली' या दोन वार्तांच्या मधला काळ हा नुसती शांतता राहत नाही. गोळा बाहेर आहे, याचा अर्थ काम चालू आहे, हे यंत्रावरूनच दिसते. काम चालू असल्याची खूण कामापासून वेगळी करून तिला स्वतंत्र जागा देणे, हा विचार रेल्वेने अमलात आणला तो जिवाच्या भीतीने. चूक झाली तर समोरासमोर टक्कर ठरलेली होती. जेथे चुकीची किंमत तत्काळ मोजावी लागते, तेथे माणूस वार्तेची व्यवस्था चोख ठेवतो. जेथे ती किंमत दुसऱ्याच कोणाला भरावी लागते, तेथे ढिलाई येते. हे सूत्र आपणांस शेवटी पुन्हा लागणार आहे.

तारेनंतर टेलिप्रिंटर आला. त्यात ठोके ऐकून लिहिणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. दूरच्या टोकाला कळफलकावर टंकलेले अक्षर येथल्या कागदावर आपोआप उमटू लागले. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून हे यंत्र रात्रंदिवस खडखडत असे, आणि मोठी बातमी आली की त्याची घंटा वाजे. उपसंपादक कागद संपण्याची वाट न पाहता पहिल्या दोन ओळींवरूनच मथळा योजू लागे.

याच टेलिप्रिंटरने संगणकाशी पहिली सोयरीक जमविली. जॉर्ज स्टिबिट्झ या अमेरिकी गणितज्ञाने बेल प्रयोगशाळेत संमिश्र संख्यांची गणिते करणारे एक यंत्र तयार केले होते. ते न्यूयॉर्कमध्ये होते. ११ सप्टेंबर १९४० रोजी डार्टमथ येथे गणितज्ञांची परिषद भरली असता स्टिबिट्झ यांनी यंत्र तेथे नेले नाही. नुसता टेलिप्रिंटर नेला. सभेतल्या विद्वानांनी त्यावर गणिते टंकली, ती तारेने न्यूयॉर्कला गेली, आणि थोड्याच वेळात उत्तरे तारेनेच परत येऊन कागदावर उमटली. नॉर्बर्ट वीनर आणि पुढे एनिअॅक या संगणकामुळे प्रसिद्धीस आलेले जॉन मॉचली ही मंडळी सभेस हजर होती. दूरच्या यंत्राला काम सांगून त्याचे फळ समोर बसून पाहण्याचा हा पहिला जाहीर प्रयोग होय.

चांगला आरंभ झाला म्हणजे पुढची वाट सरळच असते असे नाही. यानंतरची वीस वर्षे संगणकाने या बाबतीत उलटी वाट धरली. यंत्रे अतिशय महाग होती. त्यांचा एक क्षणही वाया जाऊ नये म्हणून माणसालाच थांबवून ठेवण्याची पद्धत पडली. गणिताचा क्रम भोके पाडलेल्या पत्त्यांवर उतरवायचा, पत्त्यांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा, आणि आपली पाळी लागून निकालाचा कागद मिळेपर्यंत परत फिरायचे. आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आहे. तेथे आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संशोधकांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशातील निरनिराळ्या संस्थांचे संशोधक आपली गणिते त्यावर सोडवून घेऊ लागले. अशा पद्धतीत एका पत्त्यावर एखादे भोक चुकले, तर चूक कळायची ती निकाल हाती आल्यावर. मग दुरुस्त गठ्ठा पुन्हा खिडकीवर. यंत्र पहिल्या क्षणाला अडखळले असले तरी माणसाला ते दुसऱ्या दिवशी कळे. टपालाचा जमाना नव्या रूपाने परत आला होता.

या कोंडीतून वाट काढली ती काल-विभागणीच्या कल्पनेने. एकाच संगणकाने आपला वेळ बारीक तुकड्यांत वाटून अनेक माणसांना आळीपाळीने द्यावा. तुकडे इतके बारीक की प्रत्येकाला यंत्र आपल्यापुरतेच आहे असे वाटावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये याचे प्रात्यक्षिक दाखविले. माणसापुढे पुन्हा टेलिप्रिंटर आला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी युनिक्स ही प्रणाली घडवू लागले तेव्हा त्यांच्यासमोर टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ हे सेकंदाला दहा अक्षरे छापणारे यंत्र असे. या 'टेलिटाइप'चे संक्षिप्त नाव 'टीटीवाय'. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर युनिक्सच्या कुळातील प्रणालींवर चालतात, आणि त्यांत माणसाच्या पडद्याला आतून अद्यापि 'टीटीवाय' असेच म्हणतात. यंत्र गेले, कागद गेला. तारघराचे नाव मात्र घराण्यात राहिले.

येथे एका अडचणीचा उलगडा केला पाहिजे. सर्व्हरवर काम व्यवस्थित चालू आहे, मधली तारही शाबूत आहे, तरी पडद्यावर काही दिसत नाही, आणि मग एकाएकी शे-दीडशे ओळी धाडदिशी येऊन पडतात, असा अनुभव संगणकाचे काम करणाऱ्यांना नेहमी येतो. याचे कारण धर्माबादच्या माणसाला समजावून सांगणे फार सोपे आहे; कारण आपला मोंढा मिरचीचा आहे. हमाल मिरची उचलतो ती एकेक दाणा नेत नाही. पोते भरतो आणि मग पोते नेतो. एकेक मिरची वाहून नेली तर दिवसभरात क्विंटलभर मालही हलणार नाही. संगणकाचेही तसेच आहे. एकेक अक्षर बाहेर पाठविण्यात फार खटाटोप पडतो. म्हणून ती अक्षरे आधी स्मरणातल्या एका पोत्यात टाकतो आणि पोते भरले की एकदम रवाना करतो. या पोत्याला बफर म्हणतात; त्यात बहुधा चार किंवा आठ हजार अक्षरे मावतात.

युनिक्सच्या कर्त्यांनी याबाबत एक शहाणपणाचा नियम करून ठेवला. पलीकडे टीटीवाय असेल, म्हणजे प्रत्यक्ष माणूस वाचीत बसला असेल, तर प्रत्येक ओळ पुरी होताच ती पाठवावी. पलीकडे माणूस नसून दुसरे यंत्र किंवा फाइल असेल, तर पोते भरेपर्यंत थांबावे. नियम चांगला आहे. परंतु आजकाल सर्व्हर आणि माणूस यांच्या मध्ये अनेक यंत्रे उभी असतात. सर्व्हरला वाटते की, आपण यंत्राला माल देत आहोत. त्या यंत्राच्या पलीकडे एक माणूस डोळे लावून बसला आहे हे त्याच्या गावीही नसते. मग तो पोते भरत बसतो, आणि काम छोटे असेल तर पोते भरतच नाही. सर्व ओळी अगदी शेवटी येतात. अशा वेळी 'पोते भरो न भरो, असेल तितका माल आत्ताच सोड' असा स्पष्ट हुकूम लिहावा लागतो. जाणता कारागीर तो लिहितो. ज्याने दूरच्या टोकाला कधी वाट पाहिलेली नसते, त्याला तो लिहिण्याची आठवण होत नाही.

आता आपल्या मार्गावरच परत येऊ. संगणक येण्यापूर्वी मधल्या स्टेशनातून लांबच्या गाडीत जागा राखायची असली म्हणजे त्या स्टेशनाचा कोटा असेल तेवढाच. त्याबाहेरच्या किंवा परतीच्या जागेसाठी तारेने विचारणा करून उत्तराची वाट पाहावी लागे. दिल्लीस १९८५ मध्ये संगणकावरील आरक्षण सुरू झाले. पुढे निरनिराळ्या केंद्रांचे संगणक एकमेकांशी बोलू शकतील अशी 'कॉन्सर्ट' नावाची प्रणाली रेल्वेच्या संगणक संस्थेने तयार केली, आणि ती प्रथम १९९४ मध्ये बसविली गेली ती सिकंदराबादला, म्हणजे आपल्याच रेल्वेच्या मुख्य ठाण्यात. १९९९ मध्ये देशातील पाचही आरक्षण केंद्रे एका जाळ्यात आली. खिडकीवरचा कारकून नाव, वय, गाडी टंकतो. ते सिकंदराबादच्या संगणकाकडे जाते. तेथे जागा ठरते. आणि डबा व आसन यांचे आकडे येथे तिकिटावर छापून निघतात. स्टिबिट्झच्या सभेत विद्वानांनी जे चोपन्न वर्षांपूर्वी नवलाने पाहिले, ते आता खिडकीसमोरच्या रांगेतल्या माणसाला रोजचे झाले.

१९९५ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्या काळच्या स्वस्त खात्यांतून चित्रे दिसत नसत. दूरध्वनीच्या तारेवरून निगमच्या युनिक्स यंत्रात शिरायचे आणि तेथे दिलेल्या हुकमांची उत्तरे ओळीओळीने पडद्यावर वाचायची. विद्यार्थ्यांच्या एका पिढीने दूरच्या यंत्राशी बोलणे असे शिकून घेतले. त्याच वर्षीच्या जुलैत फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू यल्योनेन यांनी एसएसएच ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी चोरून कान लावून परवलीचे शब्द पळविले होते. तोवर दूरच्या यंत्राशी होणारे बोलणे उघड्यावर चाले. एसएसएचने ते कुलुपबंद केले. आज जगात कोणीही दूरच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवून तिच्या ओळी पाहतो तो प्रायः याच बंद नळातून पाहतो.

पण नळ बंद असला तरी तुटू शकतो. वीज गेली, तार तुटली, तर तेथे चालू असलेले काम बंद पडे. कारण युनिक्सचा जुना संकेत असा की, माणूस उठून गेला म्हणजे त्याचे काम थांबवावे. यावर १९८७ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यापीठातील ओलिव्हर लाउमान व कार्स्टेन बोरमान यांनी 'स्क्रीन' नावाचा कार्यक्रम लिहिला. त्याने माणसाचा पडदा आणि कामाचा पडदा निराळे केले. काम सर्व्हरवर आपल्या पडद्यासह चालू राहते. माणूस संध्याकाळी उठून गेला, वाटेत तार तुटली, तरी सकाळी परत जोडून घेतले की मधल्या ओळी तशाच मांडून ठेवलेल्या सापडतात. वार्ता चालती असावी एवढे पुरत नाही. ती जपूनही ठेवलेली असावी, हा विचार यातून रुजला. दोन्ही असतील तरच दूरच्या माणसाला न्याय मिळतो.

चालत्या वार्तेवर केवढे मोठे काम उभे राहू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ३० प्रचंड रेडिओ दुर्बिणींचा समूह आहे. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोहोंतील अंतर सुमारे २५ किलोमीटर. मध्यवर्ती खोलीतून हुकूम जातो, काचतंतूंच्या तारेने तो दूरच्या शेतातल्या तबकडीला पोचतो, तबकडी वळते, आणि ती किती वळली, वारा किती आहे, विजेची स्थिती काय आहे, हे सारे क्षणोक्षणी परत येत राहते. निरीक्षण संपल्यावर सकाळी एकदम कळले असते की एक तबकडी रात्रभर भलतीकडेच पाहत होती, तर रात्र फुकट गेली असती.

चालती वार्ता नसली तर काय करावे लागते याचे उदाहरण त्याहूनही जवळ, आपल्याच तालुक्यात आहे. बाभळीच्या बंधाऱ्याचा वाद आपणांस सांगण्याची गरज नाही. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याची दारे उघडी ठेवावी लागतात आणि १ मार्चला ठरलेले ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे लागते. हे पाळले जाते की नाही यावर देखरेख ठेवण्यास दोन्ही राज्यांचे आणि केंद्रीय जल आयोगाचे प्रतिनिधी असलेली समिती नेमली गेली. दारे उघडण्याच्या दिवशी माणसे प्रत्यक्ष तेथे जाऊन उभी राहतात. नंतर कागदावर 'दारे उघडली' असे लिहून आले असते तरी पाण्याची वाट पाहणाऱ्याचे समाधान झाले नसते. काम होताना पाहणे आणि काम झाल्याचे ऐकणे यांतला फरक गोदाकाठच्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चालती वार्ता सामान्य माणसाच्या पडद्यापर्यंत आणण्याची साधने पुष्कळ झाली. वेबची मूळ पद्धत एक प्रश्न, एक उत्तर अशी टपालवजा होती. १९९७ च्या सुधारणेत उत्तर तुकड्या-तुकड्यांनी पाठविण्याची सोय आली. २०११ मध्ये 'वेबसॉकेट' प्रमाणित झाले. त्यात दोन्ही टोकांमध्ये तार उघडीच राहते आणि कोणीही केव्हाही बोलू शकतो. आज संगणकाला प्रश्न विचारला असता तो शब्दाशब्दाने उत्तर लिहीत जातो हे आपल्यापैकी अनेकांनी फोनवर पाहिले असेल. आणि मोंढ्यातल्या दुकानात फोनवरून पैसे दिले की गल्ल्याजवळची डबी रक्कम मोठ्याने सांगते. दूरच्या सर्व्हरने दिलेली ती पोच आहे. तारमास्तराच्या टेबलावरचा कडकट्ट आवाज दीडशे वर्षांनी मराठी बोलू लागला, असे म्हणावयास हरकत नाही. ती डबी का लोकप्रिय झाली? पडद्यावर हिरवी खूण दाखविणारा गिऱ्हाइकाचा फोन असतो. दुकानदाराला वार्ता स्वतःच्या कानांनी हवी असते.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. साधने सर्व आहेत. ती मिळाली कोणाला? सर्व्हर सांभाळणारा माणूस आपल्या पडद्यावर प्रत्येक ओळ पाहू शकतो: अमुक पायरी झाली, अमुक ठिकाणी थांबले, अमुक कारणाने अडले. त्याच सर्व्हरकडून सातबारा मागणाऱ्या शेतकऱ्याला, रेशनच्या यंत्रावर अंगठा टेकविणाऱ्या म्हातारीला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला काय दिसते? एक गोल फिरत असलेले चक्र. आणि काही वेळाने कानी येतात ते दोन शब्द, जे आता मराठीच झाले आहेत: 'सर्व्हर डाऊन'. हे सांगणाऱ्या दुकानदाराचा किंवा कारकुनाचा त्यात बहुधा दोष नसतो. त्याच्यापुढेही तेच चक्र असते. सर्व्हर खरोखर बंद आहे, की गर्दीमुळे पाळी लागलेली नाही, की अंगठा जुळला नाही, की अंगठा जुळून धान्याची नोंद झाली पण पोच तेवढी आली नाही, हे चार निरनिराळे प्रकार आहेत आणि प्रत्येकावर इलाज निराळा आहे. पहिल्यात उद्या यावे, दुसऱ्यात थांबावे, तिसऱ्यात दुसरे बोट लावून पाहावे, आणि चौथ्यात अजिबात पुन्हा प्रयत्न करू नये. चक्र चारही वेळा सारखेच फिरते. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला या चारांतले काय घडले ते न सांगणे, म्हणजे त्याच्या दिवसाची किंमत शून्य धरणे होय.

मागे रेल्वेच्या संदर्भात एक सूत्र सांगितले होते. चुकीची किंमत ज्याला मोजावी लागते त्याच्या हाती व्यवस्था असली की वार्ता चोख राहते. टक्कर झाली तर रेल्वेचे डबे मोडतात, म्हणून रेल्वेने गोळ्याचे यंत्र बसविले. चक्राची किंमत रांगेतला माणूस भरतो, म्हणून चक्र फिरत राहते. यात तंत्राची उणीव नाही. 'तुमची पाळी सत्तावन्नावी आहे', 'नोंद झाली, पावती क्रमांक अमुक', 'येथवर झाले, येथे अडले' अशा साध्या मराठी ओळी पाठविण्यास कोणताही नवा शोध लागावयाचा राहिलेला नाही. त्या पाठवाव्यात असे लिहून देणाऱ्याची आणि मागून घेणाऱ्याची उणीव आहे.

प्रत्येक ओळ चव्हाट्यावर यावी, असे मात्र मी म्हणत नाही. सर्व्हरच्या ओळींत पुष्कळदा दुसऱ्यांची नावे, आकडे, परवलीचे शब्दही असतात. ते बेसावधपणे बाहेर पडल्याने अनर्थ होतात. कोणाला किती दाखवावे याचा विवेक लागतो. त्याचप्रमाणे खोटी वार्ता शांततेपेक्षा वाईट. कित्येक पडद्यांवर पुढे सरकणारी पट्टी दिसते, पण ती कामाशी जोडलेलीच नसते. नुसती घड्याळाच्या हिशेबाने सरकते आणि नव्याण्णव टक्क्यांवर येऊन बसते. ती माणसाचे मन रमविण्यासाठी असते. पलीकडे गाडी पोचली नसता पोचल्याचे ठोके देणाऱ्या स्टेशनमास्तराला आपण काय म्हटले असते, याचा विचार ती पट्टी काढणाऱ्यांनी करावा.

श्रोतेहो, आपले गाव राज्याच्या अगदी कडेला आहे. निजामाच्या राजवटीत सत्ता हैदराबादेस होती, मग १९५६ पासून मुंबईस गेली. आणि आता तिच्या नोंदी ज्या यंत्रांत आहेत ती यंत्रे कोठे आहेत हेही आपणांस दिसत नाही. अंतर होते आणि राहणारच. अंतर असूनही काम विश्वासाने कसे करावे, हे मात्र याच मार्गावरच्या स्टेशनमास्तरांनी आपल्या डोळ्यांदेखत शंभर वर्षे करून दाखविले आहे. विचारावे, होकार घ्यावा, काम चालू असल्याची खूण ठेवावी, पोचल्याची घंटा द्यावी. यापुढे आपल्या नगरपालिकेत, तहसिलीत, बाजार समितीत, शाळेत नवी संगणक व्यवस्था आणण्याचा प्रसंग येईल तेव्हा तिची किंमत व वेग यांबरोबर आणखी एक प्रश्न आपण विचारावा: काम चालू असताना खिडकीबाहेरच्या माणसाला ही काय सांगते? या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत आपण सही करू नये, एवढीच माझी विनंती आहे.